इंजिन चालू, गाडी उभी

घरांत मोटार असणें ही आतां कोणी श्रीमंतीची खूण समजत नाहीं. भरल्या कुटुंबांत एक गाडी असते. ती आजोबांना डॉक्टरांकडे नेते, मुलांना परीक्षेच्या केंद्रावर पोंचविते आणि मे महिन्यांत आलटून पालटून सर्वांना कोंकण दाखविते. तिच्या वयाकडेहि आपण फारसें पाहत नाहीं. पंधरा वर्षें भरलीं, तपासणी करून नोंदणी पांच वर्षांनीं वाढवून घेतली, कीं ती पुन्हां संसाराच्या चाकरीस मोकळी. अशा वयस्क गाड्यांत अलीकडे एका नव्या वर्गाची भर पडली आहे. कोणाचे गुडघे दुखत होते, कोणाला शहरांतील खोळंब्याचा कंटाळा आला होता, कोणा घरीं नव्यानें गाडी शिकणाऱ्या सूनबाईंची सोय पाहावयाची होती. अशा निमित्तांनीं ज्यांनीं एके काळीं हौसेनें स्वयंचलित गिअरची गाडी घेतली, त्यांची ती गाडी आतां म्हातारी झाली आहे. या म्हातारपणाचा एक खास विकार आहे. तो रस्त्यावर, बहुधा अडचणीच्या जागीं, प्रगट होतो. आणि त्याविषयीं घराघरांतून जितकें बोललें जावें तितकें बोललें जात नाहीं.

विकाराचें रूप असें. गाडी सुरळीत चाललेली असते. एकाएकीं इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडीची ओढ नाहींशी होते. अॅक्सिलरेटर अधिक दाबावा, तों आवाज वाढतो आणि वेग मात्र उतरतो. इंजिन बंद पडलेलें नसतें. दिवे लागतात, गाणें चालू असतें. केवळ इंजिनाचें बळ चाकांपर्यंत पोंचत नाहीं. सपाट रस्ता असेल तर गाडी हळूहळू थांबते. चढ असेल तर ती मागें येऊं लागते.

ज्या पिढीचा हात अँबॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी गाडीवर बसला, तिला गिअरचें दुखणें परकें नव्हतें. क्लचच्या चकतीला जळका वास सुटे, गिअर टाकतांना करकर होई, दांडा हातांत थरथरे. चालकाचा डावा पाय आणि डावा हात हे दोन वैद्य अहोरात्र गाडीची नाडी धरून बसलेले असत. त्यामुळें क्लच ‘गेला’ अशी वार्ता घरांत येण्यापूर्वीं तो ‘जाणार’ ही वार्ता दोन महिने आधींच येऊन गेलेली असे. स्वयंचलित गिअरनें या दोन्ही वैद्यांना रजा दिली. सुख झालें हें खरें. परंतु नाडी पाहणारें कोणी उरलें नाहीं.

ही स्वयंचलित गिअरपेटी चालते कशी, हें थोडक्यांत पाहिल्यावांचून पुढचें नीट कळणार नाहीं. दोन पंखे समोरासमोर ठेवावे आणि त्यांतला एकच चालू करावा. त्याच्या वाऱ्यानें दुसराहि फिरूं लागतो. वाऱ्याच्या जागीं तेल आणा आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यांत घाला, कीं झाला टॉर्क कन्व्हर्टर. एक पंखा इंजिनाला जोडलेला, दुसरा गिअरपेटीला. मध्यें केवळ तेलाचा ओघ. तेलाच्या ओघानें बळ वाहून नेण्याची ही युक्ति मोटारींसाठीं जन्मलेली नव्हे. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्यानें ती १९०५ सालीं जहाजांकरितां काढली. पुढें जनरल मोटर्सनें १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत ‘हायड्रा-मॅटिक’ या नांवाची गिअरपेटी बसविली आणि क्लचची पायपट्टी नसलेली गाडी प्रथमच मोठ्या प्रमाणावर बाजारांत आली. दुसऱ्या महायुद्धांत हीच पेटी अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांत गेली, यावरून तिच्या काटकपणाची कल्पना यावी.

पंख्यांच्या मागें गिअरचा संच असतो. मध्यें सूर्यासारखें एक दांतेरी चाक, त्याभोंवतीं फिरणारीं लहान चाकें आणि बाहेरून एक कडें. यांपैकीं कोणाला थांबवावें आणि कोणाला मोकळें सोडावें, यावर पहिला, दुसरा, तिसरा गिअर ठरतो. थांबविण्याचें काम लहान लहान क्लचच्या चकत्या करतात; आणि त्या चकत्यांना एकमेकींवर दाबून धरणारा कोण? पुन्हां तेलच. पंप तेलाला दाब देतो, तो दाब झडपांतून योग्य त्या चकत्यांवर जातो. अर्थात् येथें तेल म्हणजे केवळ वंगण नव्हे. बळ वाहून नेणें, चकत्या दाबणें, उष्णता काढून घेणें आणि सर्वांना गुळगुळीत ठेवणें, हीं चारी कामें तेंच करतें. इंजिनांत तेल कमी झालें तर इंजिन झिजतें. या पेटींत तेल कमी झालें तर गाडी चालतच नाहीं.

या तेलाविषयीं एक गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक नसेल. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभापर्यंत अमेरिकेंत या तेलांत स्पर्म जातीच्या देवमाशाच्या तेलाचा अंश मिसळीत असत. चकत्या झटका न देतां एकमेकींना धराव्या यासाठीं त्याच्याइतकें गुणकारी दुसरें द्रव्य हातीं नव्हतें. १९७० सालीं त्या देवमाशाची गणना तेथें नाश पावत चाललेल्या प्राण्यांत झाली, आणि रसायनज्ञांना पर्याय शोधणें भाग पडलें. आज आपल्या गाडींत जें तेल आहे तें त्या शोधाचें वंशज आहे. सोंवळ्याओंवळ्याची शंका बाळगण्याचें कारण नाहीं.

आतां मुख्य प्रश्न. हें सर्व एकाएकीं कां बिघडतें? आमचें म्हणणें असें कीं, बहुधा तें एकाएकीं बिघडत नाहींच. गेल्या तीसएक वर्षांत या पेट्यांवर देखरेख करावयास एक विद्युत्-मेंदू बसविला गेला. चकत्या झिजूं लागल्या, कीं त्या घट्ट बसण्यास लागणारा वेळ किंचित् वाढतो. हा मेंदू तें मोजतो आणि पुढच्या खेपेस तेलाचा दाब थोडा वाढवून ती उणीव भरून काढतो. आणखी झीज झाली कीं आणखी दाब. मालकाला गाडी पूर्वीसारखीच वाटते. अखेर दाब वाढविण्याची मर्यादा संपते, आणि त्या दिवशीं एखाद्या चढावर सर्व झीज एकदम उघडी पडते. भरल्या घरांत असें एखादें माणूस असतें. पाठ दुखते म्हणून कधीं सांगावयाचें नाहीं, काम मात्र चुकवावयाचें नाहीं, आणि एके दिवशीं स्वयंपाकघरांतच बसावयाचें, मग सर्वांनीं म्हणावयाचें कीं काल संध्याकाळपर्यंत तर चांगली होती! असो.

तरी कांहीं खुणा पेटी देतच असते. सकाळीं दांडा ‘डी’ किंवा ‘आर’वर घेतल्यावर गाडीनें निघावयास एक-दोन क्षण उशीर करावा, दोन गिअरांच्या मध्यें इंजिन क्षणभर मोकळेंच ओरडावें, थंड असतां गुळगुळीत चालणारी गाडी तापल्यावर हिसके देऊं लागावी, आणि सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे गाडीखालचा डाग. या तेलाला बहुधा मुद्दाम लाल रंग दिलेला असतो, तो इंजिनाच्या तेलापासून वेगळा ओळखतां यावा म्हणून. वातानुकूलनाचें पाणी स्वच्छ असतें, त्याची चिंता नको. इंजिनाचें तेल पिवळट किंवा काळें. लाल अथवा तांबूस, बोटांना निसरडें लागणारें थेंब दिसले, तर ते गिअरपेटीचे समजावेत. शंका असेल तर रात्रीं गाडीखालीं जुनें वर्तमानपत्र पसरून ठेवावें. सकाळीं तें सर्व सांगतें.

आमच्या परिचयाच्या एका पुणेकर कुटुंबाची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. चौदा वर्षांची गाडी, गाडींत आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडें. वाईहून पसरणीचा घाट चढून पांचगणीस निघालेलीं. घाट निम्मा झाला असेल, तोंच एका वळणावर इंजिन ओरडूं लागलें आणि गाडी मागें सरकूं लागली. मागें एस्. टी. होती. मुलानें पाय अॅक्सिलरेटरवरून काढून ब्रेकवर ठेवला आणि तो तेथून हलविला नाहीं. एस्. टी.चा कंडक्टर खालीं उतरला, त्यानें कठड्याजवळचा एक मोठा धोंडा उचलून चाकामागें लावला, आणि मग सर्वांना श्वास आला. सर्व मंडळी कठड्याच्या बाजूला उभी असतां सूनबाई सहज म्हणाल्या, “आई, आपल्या अंगणांत रांगोळीच्या जागेजवळ महिनाभर तो लाल डाग पडत होता. मी रोज पुसतें आहें.” आजी मुलाकडे वळून म्हणाल्या, “अरे, मीच तुला म्हटलें होतें, गाडीनें अंगणांत कुंकू सांडलें आहे म्हणून. तूं हंसलास.”

वाईच्या मेस्त्रीनें गाडी वर घेऊन पाहिली. एका दांड्यावरचें रबरी सील झिजून तेल गळत होतें, आणि पातळी निम्म्याच्याहि खालीं गेली होती. सपाट रस्त्यावर तेवढें तेल कसेंबसें पुरत होतें. चढावर गाडी कलली कीं चेंबरमधलें तेल एका बाजूला सरतें, पंपाचें तोंड उघडें पडतें, आणि पंप तेलाऐवजीं हवा ओढूं लागतो. हवेला दाब कसला! चकत्या सुटतात आणि चाकें मोकळीं होतात. घाटांतच गाडी कां दगा देते, याचें हें एक फार साधें उत्तर आहे. वर चढावाचा भार आणि उन्हाळा यांनीं तेल तापून पातळ झालेलें असतें तें वेगळेंच. सुमारें ऐंशी अंश सेल्सिअसपुढें दर दहा-अकरा अंशांगणिक या तेलाचें आयुष्य निम्मे होत जातें, असा यंत्रज्ञांचा ढोबळ हिशेब आहे. त्या कुटुंबाचें दैव बरें, कीं मुलानें पुन्हां पुन्हां जोर देऊन पाहिला नाहीं. नवें सील आणि नवें तेल एवढ्यावर गाडी सुटली. सुटलेल्या चकत्या एकमेकींवर घांसत असतां अॅक्सिलरेटर दाबीत राहणें म्हणजे त्या जाळून टाकणें. मग सीलच्या किमतींत काम भागत नाहीं.

असा प्रसंग आला तर काय करावें, तें घरांतील प्रत्येक गाडी चालविणाऱ्यानें मनाशीं आधींच पक्कें करून ठेवावें. ब्रेक आणि सुकाणू दोन्ही शाबूत आहेत, ही पहिली धीराची गोष्ट. गाडी चालती असेपर्यंत इंजिन बंद करूं नये. इंजिन बंद झालें कीं दोन-तीन दाबण्यांनंतर ब्रेक दगडासारखा कडक होतो, सुकाणूहि जड होतें, आणि किल्ली ओढून काढली तर तें कुलूप लागून अडकतें. धोक्याचे दिवे लावावे, उरलेल्या वेगाचा उपयोग करून गाडी डाव्या कडेला न्यावी. गाडी पुरती थांबल्यावर आधीं हँडब्रेक ओढावा, मगच दांडा ‘पी’वर न्यावा. ‘पी’मध्यें गाडीला धरून ठेवणारी वस्तु म्हणजे पेटींतील एक लहानसा खटका, घरंगळत्या गाडीचा सर्व भार त्याच्यावर टाकला तर तो मोडतो. शिवाय चाकांकडे जाणारा दांडाच तुटला असेल, तर ‘पी’ची पकड मुळींच राहत नाहीं. म्हणून चाकामागें धोंडा लावावा. (निघतांना तो उचलून बाजूला टाकण्याचें स्मरण ठेवावें, मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा त्यानें जीव जाऊं शकतो.) वृद्धांना आणि मुलांना गाडींत बसवून ठेवूं नये, विशेषतः द्रुतगति महामार्गावर. डाव्या दारानें उतरवून कठड्यापलीकडे, गाडीपासून दूर उभें करावें आणि ११२ क्रमांकावर मदत मागावी. सामानाची चिंता नंतर.

यानंतर सर्वांच्या मनांत येतें तें ‘धक्का’. आपल्या समाजांत गाडीला धक्का मारणें ही जवळजवळ एक सामाजिक संस्था होती. अनोळखी माणसेंहि खांदा लावीत आणि गाडी फुरफुरली कीं टाळ्या वाजवीत. या गाडीला तो उपाय लागू नाहीं. पहिल्या हायड्रा-मॅटिक पेटींत चाकांच्या बाजूनें फिरणारा दुसरा पंप असे, त्यामुळें ती गाडी ढकलून सुरू होई. पुढें तो पंप काढून टाकण्यांत आला. आतां पंप फिरतो तो केवळ इंजिनाबरोबर. त्याच कारणानें दोर बांधून ओढणेंहि वर्ज्य समजावें. इंजिन बंद, चाकें फिरताहेत, आणि पेटीला तेलाचा थेंब मिळत नाहीं, अशा स्थितींत दहा-वीस मैल ओढलेली गाडी दुरुस्त करण्याजोगी उरलीच तर नशीब. चारी चाकें उचलून नेणारें सपाट पाटाचें वाहन मागवावें. तें न मिळाल्यास निदान ज्या चाकांना इंजिन जोडलें आहे तीं चाकें जमिनीपासून उचललेलीं असावींत.

कधीं कधीं गाडी अगदीं सुटत नाहीं, एकाच गिअरमध्यें अडून बसते. निघतांना जड, पुढें मंद. हा त्या विद्युत्-मेंदूचा सावधपणा असतो. कांहीं तरी चुकतें आहे असें त्याला वाटलें, कीं तो पेटीला एका मधल्या गिअरमध्यें धरून ठेवतो, म्हणजे जवळच्या गांवापर्यंत हळूहळू जातां यावें. इंजिन बंद करून पुन्हां सुरू केल्यावर पुष्कळदां सारें पूर्ववत् होतें. त्यानें हुरळून जाऊं नये. दोषाची नोंद मेंदूंत राहिलेली असते. ती गॅरेजमधल्या यंत्रावर वाचून घ्यावी.

गॅरेजांत गेल्यावर मात्र पहिल्याच वाक्याला ‘गिअरपेटी गेली’ हें मान्य करूं नये, असा आमचा आग्रह आहे. दांड्यापासून पेटीकडे जाणाऱ्या केबलच्या टोकाची प्लॅस्टिकची बुश तुटली, तरी दांडा ‘डी’वर आणि पेटी न्यूट्रलमध्येंच, असा प्रकार होतो, ती बुश फार तर किरकोळ खर्चाची. चाकाचा दांडा निखळला तरी लक्षण हेंच. म्हातारी बॅटरी पुरेसा दाब देत नसेल, तर मेंदूच गोंधळतो. आणि तेलाची पातळी तर सर्वांआधीं पाहावी. तेल लाल व पारदर्शक असेल तर आशा आहे. काळपट आणि जळक्या वासाचें असेल तर चकत्या जळल्या. तें सोलकढीसारखें गुलाबी दिसलें, तर रेडिएटर फुटून त्यांतलें पाणी पेटींत शिरलें असें समजावें. पाण्यानें चकत्यांवरचा थर सुटूं लागतो, म्हणून तेथें एक दिवसाचाहि उशीर करूं नये.

आपली पेटी कोणत्या जातीची आहे तेंहि विचारून ठेवावें, कारण ‘ऑटोमॅटिक’ या एका नांवाखालीं निरनिराळीं कुळें नांदतात. मारुती सुझुकीनें २०१४ सालीं सेलेरिओ गाडींत आणलेली ए. एम्. टी. म्हणजे वस्तुतः जुनीच क्लचची पेटी; क्लच दाबण्याचें आणि गिअर टाकण्याचें काम तेवढें यंत्राच्या हातांनीं होतें. तिची चकती झिजली तर नेहमींच्या क्लचप्रमाणें बदलतां येते, आणि खर्चहि आवाक्यांत राहतो. सी. व्ही. टी. नांवाच्या पेटींत दांतेरी गिअरच नसतात. दोन कप्प्या आणि त्यांवरून फिरणारा पोलादी पट्टा. तिचें तेल निराळें असतें. एकीचें तेल दुसरीला घालणें म्हणजे तिला स्वहस्तें मारणें. म्हणून दुकानदाराच्या ‘चालतंय हो, एकच असतं’ या आश्वासनावर विसंबूं नये, गाडीबरोबर आलेली पुस्तिका उघडावी.

तेलाच्या बाबतींत दोन परस्परविरुद्ध उपदेश कानीं येतात. कारखानदारांपैकीं कांहीं म्हणतात, हें तेल आयुष्यभराचें, बदलण्याची गरज नाहीं. कोणाचें आयुष्य, गाडीचें कीं हमीच्या मुदतीचें, याचा खुलासा ते करीत नाहींत. दुसरीकडे जुने मालक सांगतात, इतकीं वर्षें बदललें नाहीं तर आतां बदलूं नका, बदललें कीं पेटी मरते. यांत सत्याचा अंश एवढाच, कीं चकत्या आधींच घसरूं लागलेल्या पेटीला नवें तेल वांचवूं शकत नाहीं, आणि मरणाचा ठपका मात्र शेवटच्या औषधावर येतो. धडधाकट चालणाऱ्या जुन्या गाडीचें तेल चेंबरमधून काढून तितकेंच नवें भरावें आणि कांहीं हजार किलोमीटरांनंतर पुन्हां एकदां तसेंच करावें, हा मार्ग आम्हांस शहाणपणाचा वाटतो. यंत्रानें दाब देऊन सर्व पेटी धुऊन काढण्याची जाहिरात होते, ती जुन्या पेटीच्या बाबतींत आम्हांस पसंत नाहीं. तळाशीं बसलेला गाळ झडपांत जाऊन अडकण्याचा त्यांत संभव असतो.

तेल काढतील तेव्हां घरांतील कोणी तरी समक्ष उभें राहावें आणि चेंबर उघडल्यावर त्याच्या तळाशीं बसविलेलें चुंबक दाखवावयास सांगावें. त्यावर पिठासारखी मऊ करडी भुकटी असते. ती वयाची झीज आहे, तिला भिऊं नये. चमकणारे कण किंवा बोटांत धरतां येतील असे तुकडे दिसले, तर पेटी उघडावीच लागेल. त्या वेळीं गाडीची बाजारांतील किंमत, पेटी नव्यानें बांधण्याचा खर्च आणि भंगारांतून आणलेल्या जुन्या पेटीची किंमत, हे तीन आंकडे एकाच कागदावर मांडावे, घरांतील वडील मंडळींसमोर ठेवावे, आणि निर्णय होईपर्यंत मेस्त्रीला एकहि बोल्ट ढिला करूं देऊं नये. उघडलेली पेटी पोत्यांत भरून दुसऱ्या गॅरेजांत नेण्याची पाळी आल्यावर भाव ठरविण्याचें सामर्थ्य आपल्याकडे राहत नाहीं.